हातोडा, एक नग

खोक्यावर मार्करनं ठळक लिहिलं होतं – 'हॅमर, १ नग. जपून.' आता हातोडा कोण कशाला जपेल, हा प्रश्न कुरियरवाल्याला काही पडला नाही. लोखंडी सामान म्हणजे तिरोड्याच्या वीज प्रकल्पावरच्या कंत्राटदाराचं, असं त्यानं परस्पर ठरवलं, खोकं तिथल्या भांडारात टाकलं आणि मोकळा झाला.

भांडार सांभाळणाऱ्या यादोरावांनी थर्माकोलचं झाकण उचललं आणि ओरडलेच, "स्नेहल बाई! ओ स्नेहल बाई! या हातोड्यात पाणी आहे जी!"

स्नेहल रामटेके शेजारच्याच खोलीत बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासत होती. पाणी मोजणं हीच तिची नोकरी. ती हात पुसत आली. फुगलेली पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात बोटभर पांढरा दगड आणि दगडाच्या टोकाला काहीतरी तपकिरी, मऊ, अंग चोरून बसलेलं. तिनं पिशवीवर अलगद बोट ठेवलं आणि... ते हललं!

"काका, हे जिवंत आहे!"

खोक्यावर नाव होतं, दुर्गेश पटले, गोंदिया. खाली नंबर. तिनं लावला.

"तुमचा हातोडा माझ्याकडं आला आहे."

पलीकडून एकदम – "जिवंत आहे?"

"आहे वाटते. पण हातोडा जिवंत काऊन असते जी?"

"येऊन सांगतो! पिशवी फोडू नका, थंडी लागू देऊ नका, मी गाडीवर बसलोच... नाव काय तुमचं?"

"स्नेहल."

"स्नेहल जी, माझा जीव तुमच्या हातात आहे."

ओळख ना पाळख, आणि थेट जीवच हातात! स्नेहलचे कान तापले. डिसेंबरची थंडी होती, म्हणून तिनं अंगावरची शाल काढली, पिशवीला गुंडाळली आणि पाऊण तास ती मांडीवर घेऊन बसली. यादोराव खोकल्याच्या आडून हसत होते.

दुर्गेश आला तो घामाघूम. केसांत धानाचा कोंडा, पापण्यांवर धूळ. त्यानं आधी पिशवी पाहिली, मग शाल पाहिली, आणि मग शालवालीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पंचवीस डिग्री राखलं आहे," ती म्हणाली. "दर दहा मिनिटांनी पाहिलं."

"तुम्ही... मोजलं?"

"मोजणंच काम आहे माझं."

त्याच क्षणी आपण गेलो कामातून, असं तो आजही सांगतो. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक.

"हे प्रवाळ आहे," तो म्हणाला. "समुद्रातून ओरबाडलेलं नाही हां, टाकीतच वाढवलेलं. कागद आहेत सगळे. उघडलं की याची बोटं बाहेर येतात आणि बोटांची टोकं हातोडीसारखी आडवी असतात. म्हणून हॅमर."

"आणि आडवी नसली तर?"

"तर तो टॉर्च. त्याची टोकं गोल, बल्बासारखी. मिटलेले असले की दोघं सारखेच दिसतात. विकणाराही फसते."

"मग काय बिघडलं?"

"बिघडते ना! माझ्याकडं एक हॅमर आहे, तीन वर्षांपासून, एकटाच. दोन हॅमर अगदी खेटून ठेवले तरी एकमेकांना काही करत नाहीत. टॉर्च मात्र शेजाऱ्याला डसते, जाळून टाकते." तो थांबला. "म्हणून नीट ओळख पटेपर्यंत... दूर ठेवा लागते."

"उघडला की कळवा."

"हॅमर निघाला तर कळवीन. आणि आणखी एक गोष्ट सांगीन."

"टॉर्च निघाला तर?"

"तर गप्प बसीन," तो म्हणाला, आणि शालीसकट निघून गेला की हो!

आता ही काय पद्धत झाली? तिथून स्नेहलचं कशात लक्ष लागेना. कसली गोष्ट? सकाळी उठली की मेसेज – उघडला का? नाही. जेवताना – उघडला का? नाही जी. नमुन्यात थेंब टाकता टाकता ती आकडाच विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एका दगडाच्या बोटांवर आपलं नशीब टांगून बसलेली असली येडी मुलगी सगळ्या तालुक्यात नसेल, असं तिला स्वतःलाच वाटायचं. पण वाटून काय उपयोग, हात पुन्हा फोनकडेच जायचा.

सहाव्या दिवशी उत्तर आलं, "स्नेहल जी, मरते वाटते तो."

तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, खारेपणा मोजायचं यंत्र आणि ते तपासायच्या नेमक्या पस्तीस खारेपणाच्या द्रावणाची बाटली पिशवीत घातली आणि गोंदियाची गाडी पकडली.

पटलेंचं घर भातगिरणीच्या मागे. समोरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थांबली. सगळी खोली निळी! भिंतभर काच, काचेत तो जुना हॅमर, पाण्याच्या लाटेबरोबर हिरवी-सोनेरी बोटं डुलवणारा. प्रत्येक बोटाला इवलीशी आडवी हातोडी. "अगं बाई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. दुर्गेश टाकीकडे पाहतच नव्हता.

नवा मात्र कोपऱ्यात, आकसून गेलेला. दगडाची धार उघडी पडू लागली होती.

स्नेहलनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि थेंब घेतला. यंत्राच्या काचेतून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"एक्केचाळीस! पस्तीस पाहिजे ना?"

"माझं यंत्र तर पस्तीसच दाखवते."

तिनं त्याच्या यंत्रावर आपल्या बाटलीतला पस्तीसचा थेंब टाकला. आकडा आला एकोणतीस. "तुमचं यंत्र खोटं बोलून राहिलं जी. मीठ कसं मोजता?"

"एकदम बरोबर मोजतो. दर वेळी पिंपाला एक पायली."

"पायली?"

त्यानं आतून लोखंडी पायली आणली आणि भरून दाखवली. काठापर्यंत भरली, वर आणखी ओंजळ टाकली, आणखी एक, मीठ कडेवर चढून टोकदार झालं तेव्हा कुठं थांबला.

"आणि ही वरची शीग?"

दारातून त्याची आई, देवकाबाई, म्हणाली, "मंग सपाट मोजन का? घरातल्या मापाले शीग पाह्यजेच."

स्नेहल हसली ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, धान नाही हे! मिठाला शीग लावून राहिले तुम्ही!"

दुर्गेश कानापर्यंत लाल. गिरणीच्या घरात जन्मलेला माणूस, माप सपाट करायला त्याचा हातच कधी वळला नव्हता. जुन्याला तीन वर्षांत हळूहळू वाढत गेलेला खारेपणा अंगवळणी पडला होता, नवा बिचारा एकदम त्यात येऊन पडला.

"रोज दोन बादल्या काढायच्या, तेवढंच गोडं पाणी घालायचं. दिवसाला एकच अंश उतरवायचा. मी स्वतः येऊन पाहीन."

"रोज?"

"रोज."

देवकाबाई चहा घेऊन आली. "कोणाची वो तू, माय?"

"रामटेकेंची. तिरोड्याची."

आडनाव ऐकून देवकाबाईचा हात कपावर थांबला. फार नाही, दोन श्वास. मग कप पुढे आला. पण मोजणं ज्याचं काम त्याला दोन श्वासही कळतात. त्या दिवशी परतीच्या गाडीत स्नेहलला टॉर्चची भीती पहिल्यांदाच खरीखुरी वाटली. काही घरंही मिटलेली असतात, उघडेपर्यंत कळत नाही.

तरी ती गेली. रोज. ड्यूटी सुटली की गाडी, थेंब, आकडा. चाळीस. एकोणचाळीस. एकदा टाकीत हात घालताना तिची बाही ओली होऊ लागली, तेव्हा त्यानं दोन बोटांनी ती वर सारली... आणि अडतीस की सदतीस यावर दोघांचं बराच वेळ एकमत होईना. देवकाबाई चहा द्यायची, पाहायची, बोलायची नाही.

सातव्या दिवशी दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "स्नेहल! लवकर ये!"

जी गेला, अहोजाहो गेलं. ती चप्पल एक इकडे एक तिकडे टाकून धावली. कोपऱ्यात एक बोट बाहेर आलं होतं. मग दुसरं, तिसरं. दोघांची नाकं काचेला. टोकं अजून गुंडाळलेली... उलगडली... आणि आडवी झाली!

"हॅमर!"

"हॅमर!" ती लहान पोरीसारखी उड्या मारत होती. "हॅमर आहे, हॅमर आहे!"

त्यानं हलक्या हातानं दगड उचलला आणि जुन्याच्या शेजारी आणला. "खेटून ठेवू?"

"ठेव ना."

त्यानं ठेवला. दोघांची बोटं एकमेकांना लागली. कोणी आकसलं नाही.

"आता ती गोष्ट," स्नेहल म्हणाली.

"मी... म्हणजे मले..." काचेवरची धूळ नसलेली जागा तो पुसत बसला. "तू मले आवडते. लय."

"लय म्हणजे किती? आकडा सांग."

"आता याले माप कुठून आणू?"

तेवढ्यात आतून देवकाबाईची हाक आली. "दुर्गेश! पोरगी रोज रिकाम्या हातानं जाऊन राहिली. तिच्या घरी नवे तांदूळ देजो, पायलीभर. अन् आपल्या माणसाले सपाट नको मोजू, शीग लावजो!"

स्नेहलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुर्गेशनं आईच्या आवाजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तोंडभर हसला.

"ऐकलं ना? तेवढं."