भोंग्याखालची मॉली

सप्ताहाचा भोंगा दरवर्षी रामकिसनभाऊंच्याच गच्चीवर चढायचा. कुंभार पिंपळगावच्या त्या गल्लीत दुमजली घर तेवढं एकच, त्यामुळे देवाचं नाव शिवारभर पोचवायचा मान आपसूक त्यांच्याकडे आला होता. यंदा मात्र भोंग्याच्या आधीच तिथं दुसरं कुणीतरी मुक्कामाला होतं. निळे टब, अर्धे कापलेले पिंप, त्यांवर थंडीची पांघरलेली पोती... आणि आत मासे. रामकिसनभाऊंची लेक तृप्ती गप्पी आणि मॉली असे शोभेचे मासे वाढवायची, परतूर-जालन्याच्या दुकानांना द्यायची.

माघातली संध्याकाळ होती. खाली मंडपात हरिपाठ उभा राहिला तसा भोंगा घुमला आणि कोपऱ्यातल्या टबाचं पाणी शहारलं. मृदंगावर थाप पडली की एक वलय. पुन्हा थाप, पुन्हा वलय.

तृप्तीला त्या नादाचं वावडं नव्हतं. टाळ वाजले की तिचा पाय आपोआप ठेका धरायचा. पण त्या टबात तिची काळी मॉली होती, पोट पार चौकोनी झालेली, दिवस भरत आलेली. अशा वेळी मादी दचकली तर पिल्लं अधुरी पडतात. तृप्तीनं तार सैल केली, भोंग्याचं तोंड शेताकडे वळवलं आणि त्याचा लोखंडी पाय टबापासून सरकवला.

हरिपाठ संपला तशी जिन्यात पावलं वाजली. एक तरुण वर आला. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, आणि डाव्या हाताच्या बोटांना मृदंगाला लावायची कणीक वाळून चिकटलेली.

"ताई, भोंगा फिरला वाटतं?"

"फिरला न्हाई. मी फिरवला."

"आवो, तिकडं नुसता हरभरा हाय!"

"मंग ऐकू द्या की हरभऱ्याला. तेवढंच पुण्य."

तो हसू दाबत म्हणाला, "पन कारण काय?"

"इथं बाळंतीण हाय."

तो झटकन दोन पावलं मागं सरला. मान खाली घातली. "माफ करा, मला बिलकुल म्हाईत नव्हतं..." म्हणत पाठमोरा जिन्याकडे निघाला. तृप्तीला हसू आवरेना.

"अहो महाराज, टबात बघा, टबात!"

त्यानं वाकून पाहिलं. काळीशार, संथ मासोळी भाजीच्या जाळीदार टोपलीत तरंगत होती आणि टोपली टबात टांगलेली होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी महाराज न्हाई. राधेश्याम. राजूरचा. मृदंगावर बसतो नुसता."

"मंग मी बी ताई न्हाई. तृप्ती."

त्या दिवसापासून भोंग्याचं काम एकाएकी फार वाढलं. कधी तार सैल, कधी आवाज फाटलेला. राधेश्याम दिवसाकाठी एकदा तरी वर यायचाच. खालून उषाबाई, म्हणजे तृप्तीची आई, ओरडायच्या, "त्या भोंग्याला दृष्ट लागली का काय गं?" वर दोघंही गप्प व्हायचे... आणि मग दोघांनाही हसू फुटायचं.

बोलता बोलता तिनं त्याला सांगितलं. ह्या मॉलीचा नर बुक्क्यासारखा काळा होता आणि शेपटीला हळदीची किनार. तसा रंग तिच्याकडे परत कधी निघाला नव्हता. थंडी पडली तसा तो गेला.

"मंग ही पिल्लं?"

"त्याचीच." तिनं नजर पाण्यावर ठेवली. "ह्यांच्यात एकदा संगत झाली की मादी ती पोटात जपून ठेवती. कितीतरी दिवस. पन ही आता म्हातारी झाली. ही पिल्लं जगली तर तो रंग राहील, न्हाईतर संपला."

उठताना टबाच्या काठावर राधेश्यामनं अलगद बोटं टेकवली, मृदंगावर टेकवावीत तशी.

काल्याच्या आदल्या दिवशी मॉली व्याली. डोळे आणि शेपटी एवढंच असलेली पिल्लं टोपलीच्या जाळीतून खाली टबात उतरत होती, नाचत होती. तृप्तीचा जीव भांड्यात पडला. मॉलीला शेवटची दोन-चार टाकायची बाकी असावीत, म्हणून ती तशीच टोपलीत ठेवून तृप्ती पंगतीच्या पोळ्या लाटायला खाली गेली.

त्या दुपारी मंडपात प्रवचन झालं ते आईच्या मायेवर. बुवांनी वासराला हंबरणारी गाय अशी काही उभी केली की बायांनी पदर डोळ्यांना लावले. राधेश्यामही भरून आला, आणि भरलेल्या मनानंच गच्चीवर आला. बघतो तर काय... आई वर जाळीत कोंडलेली, आणि लेकरं खाली, उघडी.

त्याला ते पाहवेना. त्यानं टोपली हलकेच कलती केली. मॉली टबात उतरली.

तृप्ती वर आली तेव्हा तो उभाच होता, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"भेट घडवून आणली मी," तो म्हणाला. "मायलेकरांची."

तृप्तीनं पाण्यात पाहिलं. मॉली निवांत फिरत होती. बाकी टब रिकामा होता.

"खाल्ली तिनं," ती म्हणाली.

"कुणी?"

"आईनं."

"आई कशी..."

"तिला थोडीच म्हाईत हाय, ती आई हाय ते." तृप्तीचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "तुम्ही जावा आता. हरिपाठाची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात मृदंग दोनदा चुकला. बुवांनी वळून पाहिलं, टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गच्चीवर मॉलीला दुसऱ्या पिंपात हलवणाऱ्या तृप्तीनंही ते ऐकलं. पहिल्या वेळी तिला बरं वाटलं. दुसऱ्या वेळी मात्र काळजात काहीतरी हललं.

टब धुवायचा म्हणून तिनं तळाशी साचलेलं शेवाळ उचललं आणि हात तिथंच थांबला. शेवाळाच्या गुंत्यात बारीक काळे ठिपके होते. डोळे. हलणारे डोळे! तिनं गुंता परत अलगद पाण्यात सोडला.

दहीहंडी फुटल्यावर राधेश्याम भोंगा उतरवायला आला. हातात काल्याचा द्रोण, खांद्यावर पिशवी, आणि नजर जमिनीवर.

"निघालो राजूरला. चुकलं माझं. त्या रंगाचं मी वाटोळं..."

"इकडं या. जल्दी."

त्यानं वाकून पाहिलं. पाहतच राहिला. मग पटकन तोंड फिरवून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"उपाशी हायेत," तृप्ती म्हणाली. तिनं पत्र्याच्या डब्यातून उकडलेलं अंडं काढलं. सप्ताहात घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून बिचारीनं ते गच्चीवरच, विटांच्या चुलीवर उकडलं होतं. "बलक फडक्यात धरून पाण्यात पिळायचा. पन तुम्ही माळकरी. सरका, मी करते."

राधेश्यामनं माळ सदऱ्यात सारली आणि हात पुढे केला.

"मला कुठं खायचंय? माझ्या चुकीतून वाचलेली लेकरं हायेत. मीच भरवतो."

कालपर्यंत कणकेनं माखणाऱ्या त्या बोटांनी फडकं पिळलं. पाण्यात पिवळा ढग उतरला. शेवाळातून एक ठिपका बाहेर आला, मग दुसरा...

"हळदीची किनार कवा दिसंल?"

"आखाजीपर्यंत. वैशाखात."

"आखाजीला तर लग्नं असतात."

"असतात की."

तो थोडा थांबला. "मंग... एकटाच येऊ का आईला घेऊन येऊ?"

"शेपट्या बघायला आई कशाला?"

"शेपट्या मी बघतो. आई दुसरं बघंल."

तृप्तीनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं. घेताना बोटं लागली, आणि कुणीच ती घाईनं काढली नाहीत.

"घेऊन या," ती म्हणाली. "पन आईंना आधीच सांगून ठेवा. आमच्या गच्चीवर आई आन् लेकरं एका टबात ठेवत न्हाईत."

राधेश्याम इतक्या मोठ्यानं हसला की खालून उषाबाईंनी हाक दिली, "काय गं, भोंगा उतरला का न्हाई अजून?"

"न्हाई आई," तृप्तीनं वरून सांगितलं. "आता बराबर बसलाय. राहू दे."