टाकीवरचं लाल लुगडं

गळ्यात जीपची फुगवलेली ट्यूब अडकवून तो जिंतूर स्टँडवर माझ्या बसमध्ये चढला, तेव्हा माझं अर्धं लक्ष मोबाइलकडे होतं. आमूला अंगणवाडीत सोडल्याचा आईचा मेसेज अजून आला नव्हता.

“कुठं?” मी तिकिटाचं मशीन पुढं धरलं.

“एक टेकवाडी.”

“आणि ह्या ट्यूबचं?”

त्यानं ट्यूबकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणीतरी हारासारखी गळ्यात घातली होती. “हिचं पण? मॅडम, हिच्यात निस्ती हवा हाय.”

“तिकीट हवेचं नसतं, जागेचं असतं. हवा सोडा, घडी करून मांडीवर घ्या.”

“सोडली तर तिकडं भरू कशानं? टेकवाडीत पंप न्हाई.” जरा थांबला, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून हसत म्हणाला, “तोंडानं फुगवली तर पुढच्या सोमवारपर्यंत होईल. झाली की तुमच्याच बसनं सांगायला येतो.”

मागच्या बाकावरच्या बाया खिदळल्या. मी हसले नाही. लेडी कंडक्टर एकदा हसली की महिनाभर प्रत्येक फेरीला तिला हसवायला कुणीतरी चढतं. पण मशीनवर बोट चुकलं आणि टेकवाडीऐवजी परभणी उमटलं. ते रद्द करताना कान गरम झाले...

“एवढ्या ट्यूबचं करता काय?”

“हायस्कूलची लेकरं पाणी वलांडून येतात ना, त्यांच्या कमरंला. आठ झाल्या, ही नववी. लेकरं नऊ हायत.”

मी मशीन खाली घेतलं. “बसा,” म्हटलं. “मांडीवर धरा ती. आणि कुणाच्या डोळ्यात खुपसू नका.”

तो बुद्धभूषण. गावात नुसता भूषण.

टेकवाडी आमच्या गाडीचा शेवटचा थांबा. थांब्यावरून गाव दिसतं, लागत मात्र नाही. डांबरी रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात शिरतो, आणि पलीकडे टेकडीवर बत्तीस घरं आणि पाण्याची एक उंच टाकी. होळीनंतर पाणी उतरतं, जुना रस्ता खालून उघडा पडतो, मग बस थेट गावात जाते. श्रावण लागला की पुन्हा बेट. तेव्हा आमचे ड्रायव्हर किशनमामा काठावर गाडी लावून तीन हॉर्न देतात आणि पलीकडून मोटर बसवलेली पत्र्याची नाव निघते. गावाकडूनही एक खूण आहे. टाकीवर लाल लुगडं चढलं, तर गावात कुणी आजारी आहे, बस सोडू नका. मामांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला ते पढवलं होतं. “वेळ झाली तर डबल घंटी मारून निघायचं, बाई. पण लुगडं दिसलं की निघायचं न्हाई. मग वर कुणी का जाब विचारंना.”

काठावर वीस मिनिटांचा थांबा. नाव भूषणच चालवायचा. त्या वीस मिनिटांत माणूस किती बोलतो, ते मला त्या पावसाळ्यात कळलं.

परभणीला शेतीचा डिप्लोमा करून तो चाकणला तीन वर्षं कंपनीत राहिला होता. मग परत आला, गाळपेरीसाठी. उन्हाळ्याकडे पाणी मागं हटतं आणि खालची काळी, ओली, गाळाची जमीन मोकळी होते. तीत तो टरबूज लावायचा, काकडी लावायचा.

“पाणी जिथून उठतं, तिथं मी बसतो,” तो म्हणाला.

“आणि तुमच्या वयाचे बाकीचे?”

“चाकण, रांजणगाव. गावात आता म्हातारी माणसं, शेळ्या, चौथीपर्यंतची शाळा... आणि लग्नाची राहिलेली सात पोरं. मला धरून.” हे शेवटचं तो पाण्याकडे बघत म्हणाला. मग एकदम माझ्याकडे. “तुमी सारखं घड्याळ कामून बघता? बस तर तुमचीच हाय.”

काहीतरी गंमत करून टाळता आलं असतं. पण मी सांगून टाकलं. मला चार वर्षांची मुलगी आहे, तिच्या बापाशी फारकत होऊन दोन वर्षं झाली. आमूला ताप चढला की झटके येतात. पहिल्यांदा आले तेव्हा ती दहा महिन्यांची होती, आणि जिंतूरला आईच्या घरून ऑटो अकरा मिनिटांत दवाखान्यात पोचला होता. ती अकरा मिनिटं अजून माझ्या मनगटावर आहेत. सहा वर्षांची होईपर्यंत बहुतेक जातील, असं डॉक्टर म्हणाले. तोवर मी गावं किलोमीटरनं मोजत नाही. दवाखान्यापासून किती मिनिटं, तेवढंच बघते.

“टेकवाडी किती मिनिटं?” मी विचारलं. सहजच... निदान आवाज तरी सहज ठेवला.

त्यानं आधी पलीकडच्या काठापर्यंत पाणी नजरेनं मापलं.

“वारा नसला तर चाळीस. वारा असला तर...” त्यानं मान हलवली. “न्हाई सांगता येत.”

आतापर्यंत सगळ्यांनी मला ‘काही होत नाही’ असंच सांगितलं होतं. नवऱ्यानं, सासूनं, शेजारणींनी. ‘न्हाई सांगता येत’ म्हणणारा हा पहिलाच. त्या दिवशी डबल घंटी मारताना माझा हात जरासा रेंगाळला.

चैत्रात बस गावात जाऊ लागली आणि किशनमामांनी एक दिवस तोंड उघडलं. “बाई, सुलाबाईचा निरोप हाय. भूषणची माय. म्हणती, वैशाखात लेकीला घिऊन गाव बघायला या.”

“वैशाखातच का?”

मामा स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, “टेकवाडीत बघायचे कार्यक्रम उन्हाळ्यातच होतात. लग्नं पण. कोरडा रस्ता, दारात गाडी... पाहुण्याला पाणी दावतच न्हाईत. भूषणचं जमलं होतं दोन सालामागं. पोरीचा बाप भादव्यात अचानक आला, काठावर उभा राह्यला, आन तिथूनच माघारी गेला.”

भूषणला दुसऱ्या दिवशी गाठलं.

“तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?”

“मायनं सांगितलं न्हाई. मी...” त्यानं मान खाली घातली. “मी गप राह्यलो. सांगणाऱ्याचं जमत न्हाई, मॅडम. सगळ्यांनाच ठाव हाय.”

“मग मला वैशाखातलं गाव दाखवू नका. पाणी भरलं की येईन.”

“तुमी तर पाणी रोज बघता.”

“मी काठावरून बघते. माझी लेक मांडीवर नसताना.”

भाद्रपदात, सुट्टीच्या दिवशी, मी आमूला घेऊन स्वतःच्याच बसमध्ये प्रवासी म्हणून बसले. तीन हॉर्न झाले. नाव आली. भूषणनं आमूच्या कमरेत ती नववी ट्यूब घातली. आमूनं विचारलं, “हिचं तिकीट काढलं का?” तो इतका हसला की नाव डुगडुगली आणि मी आमूला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

सुलाबाईंनी अंगणातच आमूला कडेवर घेतलं. मला म्हणाल्या, “पाण्यातून आलीस, माय. अशी आलेली तू पहिलीच.” मासे होते, ज्वारीची भाकरी होती. पोरांनी आमूला टेकडीवरची शाळा दाखवली. मी मोबाइलला रेंज कुठं येते ते शोधत होते. दोनच जागा सापडल्या.

तीन वाजता आमू माझ्या मांडीवर येऊन गप बसली. मी हाताची पाठ तिच्या मानेला लावली.

तापली होती.

मी काही बोलले नसेन, पण सुलाबाईंनी माझा चेहरा पाहिला. शेजारच्या मुंजाजीला हाक मारली, खुंटीवरचं लाल लुगडं त्याच्या अंगावर फेकलं. “टाकीवर! पळ!” भूषण नावेकडे धावला होता. मी तापाचं औषध पाजलं, लेकीला उचललं, टेकडी उतरले.

पाण्यावर वारा सुटला होता.

अर्ध्यावर मोटर बंद पडली. लाटा नाव आडवी करायला बघत होत्या. मला वाटलं, आता हा म्हणणार — काही होत नाही. तो म्हणाला, “मोटरची दोरी वढायलो. एकदा झाली... दोनदा... तिसऱ्यांदा लागती नेहमी.” तिसऱ्यांदा लागली नाही. “पाचव्यांदा बी लागती,” तो दातओठ खात म्हणाला. लागली.

आणि तेवढ्यात आमूचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं, मग थरथरायला लागलं. मी तिला कुशीवर धरलं, पर्समधला झटक्यांवरचा स्प्रे तिच्या नाकात मारला. माझे दोन्ही हात तिच्यापाशी होते. मनगट उलटं, घड्याळ दिसत नव्हतं...

“किती झालं?” मी ओरडले.

एक हात मोटरीवर ठेवून त्यानं दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांपुढं धरलं. “अर्धा मिनिट.” वारा. पाणी तोंडावर. “एक मिनिट झाला... दीड... दोन...”

आवाज कापत होता, पण आकडा चुकत नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा माझी मिनिटं दुसरं कुणी मोजत होतं.

“अडीच—”

आमू सैल पडली. मग बारीक आवाजात रडली. त्या रडण्याइतकं गोड काही मी अजून ऐकलेलं नाही.

काठावर दुपारच्या फेरीला आलेल्या किशनमामांनी बस तोंड फिरवून, चालू ठेवून उभी केली होती. निघायची वेळ उलटून गेलेली. आत बसलेल्या एकाही माणसानं कुरकुर केली नाही.

जिंतूरला डॉक्टरांनी तपासलं. साधा ताप होता. औषध वेळेत दिलंत, म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा भूषण भिंतीला टेकून उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “मी चाळीस सांगितलं होतं. अठ्ठावन्न मिनिटं लागली. तुमी न्हाई म्हणा, मॅडम. मी समजून घेईन.”

मी काही बोलायच्या आत आतून आमूनं हाक मारली. परत आले तर तो गेलेला.

मग चार दिवस नाव मुंजाजीनं आणली. मी पलीकडे पाहायची, मुंजाजी पायाकडे पाहायचा. “भूषण?” “गाळातलं काम हाय त्याला.” भाद्रपदात गाळ पाण्याखाली असतो, हे मला कळत नसेल असं त्याला वाटलं असावं! रात्री आमूच्या कपाळावर हात ठेवून मी हिशेब मांडायची. इथं दवाखाना अकरा मिनिटांवर आहे, पण ती अकरा मिनिटं मी एकटीच मोजते. तिकडं अठ्ठावन्न, आणि मोजायला सगळं गाव. दोन्ही आकडे खरे. कुणा एकाला खोटं ठरवता येईना.

पाचव्या दिवशी वेळ झाली. मी घंटीच्या दोरीला हात घातला, आणि टाकीवर लाल लुगडं चढलं.

“मामा!”

“बघितलं.” मामांनी गाडी बंद केली. नाव निघाली होती. मी काठावर धावले. कोण असेल? सुलाबाई? एखादं लेकरू? नाव जवळ आली. आत एकटा भूषण, उभा. आडवं कुणीच नाही.

“कोण आजारी आहे?”

“कुणी न्हाई.” तो कानापर्यंत लाल झाला होता. “मायनं चढवलं. म्हणाली, ती बाई रोज घंटी मारून निघून जाती, तू रोज भिंतीमागून बघतूस. आज थांबव तिला.”

बसच्या खिडक्यांत सगळी डोकी गोळा झाली. मामा दारात. मला रडू आणि राग एकदमच आला.

“आजाऱ्याची खूण आहे ती! खेळ नाही!”

“मी तेच म्हणलो मायला. तर म्हणती, मग तू काय धडधाकट हायस का?”

मामा खो खो हसायला लागले. मी नाही. मला आधी बोलायचं होतं, आवाज फुटायच्या आत.

“आमू सहा वर्षांची होईपर्यंत हा आणि पुढचा, असे दोन पावसाळे आहेत. पाणी भरलं की ते दोन्ही तुम्ही जिंतूरला, आमच्याकडे राहायचं. नाव मुंजाजी चालवेल. पाणी उतरलं की गाळपेरीला आम्ही तिकडं. त्यानंतरचं... त्यानंतर बघू.”

त्याच्या हातून नाव बांधायची दोरी सुटली.

“अजून एक. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत, पण तुमच्या गावाला एक मुहूर्त आहे, कोरड्या रस्त्याचा. तो मला चालणार नाही. लग्न दिवाळीनंतर लगेच, पाणी भरलेलं असताना. माझे सगळे पाहुणे नावेतून न्यायचे. कुणापासून काही लपवायचं नाही.”

“मॅडम...” तो नावेतून उतरायचंच विसरला होता. नाव हळूहळू मागं सरकत होती. “म्हणजे तुमी न्हाई म्हणत न्हाईत?”

“नीलम,” मी म्हटलं. “मॅडम नाही.”

“नी—” त्याला ते म्हणता येईना.

“बाई, उशीर झालाय,” मामा हसू दाबत म्हणाले. “मारा घंटी, निघू.”

मी बसमध्ये चढले. दोरी धरली. त्याच्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यात उतरून तो नाव ओढत काठाकडे येत होता, नजर माझ्यावरच. दोनदा ओढायची होती.

मी एकदाच ओढली.

आमच्याकडे एक घंटी म्हणजे — थांबा.