पिंगळीच्या माळावरची पाठ

मी थापाड्या आहे. मानवतच्या मोंढ्यात कुणालाही विचारा. विहिरीतून रेड्याएवढा मासा मी काढलाय, बिबट्याकडे काडेपेटी मागितलीय.

पण आता सांगतोय त्यात एक अक्षरही पदरचं नाही. पदरचं घालायचं असतं, तर मी स्वतःला यात जरा बरा दाखवला असता.

साल अठ्ठ्याहत्तर. आखाड महिना. पिंगळीचा रुळाकडचा माळ.

आणि रात्र नव्हती.

अवस-पुनव काही नव्हतं. दिवस मावळायला कासराभर अवकाश होता. चांगला उजेड होता. 'अंधारात भास झाला असेल' अशी मनाची समजूत घालायची सोयच राहिली नाही...

पिंगळी माझी सासुरवाडी. बायको, केशरबाई, आखाडासाठी माहेरी आली होती. तिला आणायला मी निघालो. नामांतराच्या धामधुमीत एस.टी. कधी सुटेल, कुठं अडकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून मानवत रोडहून पॅसेंजर धरली.

सासरे चंद्रभान त्याच उन्हाळ्यात वारले होते. ते गेल्यावरचा हा पहिला आखाड. घरात कर्ता आता माझा मेव्हणा, बन्सीधर. बाप गेला अन् जावयाचा मानही गेला असं कुणी म्हणू नये, एवढीच त्याला धास्ती.

चंद्रभान म्हणजे तितराचा नादिष्ट माणूस. त्यांच्याकडे पाळलेला एक बोलका तितर होता. नाव नवाब. माळावर त्याचा पिंजरा ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे लावायचे. नवाब आवाज द्यायचा. आपल्या रानात हा कोण उपटला म्हणून रानातला नर भांडायला धावायचा... आणि पाय फाशात. बंदी तेव्हाही होती. पण हिवाळ्यात त्या माळावर बघायला कोण येतंय?

म्हाताऱ्याचा नेम मात्र पक्का होता. पेरणीला तिफण बाहेर निघाली की पिंजरा आत. पोळ्याला बैलं सजली की पिंजरा बाहेर. मधल्या दिवसांत मादी अंड्यावर असते, नाहीतर पिलांमागं असते, आणि नर राखणीला. लेकरांसाठी भांडायला आलेल्याला मारू नाही, असं ते म्हणायचे.

आणि त्यांचा राग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शिवी नाही, मार नाही. रागावले की पाठ फिरवून बसायचे. बन्सीधरनं लहानपणी एकदा दुसऱ्याच्या ज्वारीत बैलं सोडली, तर म्हातारा कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून जेवला. पोरगं समोर गेलं की हा फिरायचा. त्यापरीस दादांचा चाबूक बरा, असं बन्सीधर बापाबद्दल म्हणायचा.

तर मी पोचलो. अंगणात माझ्यासाठी कोंबडा बांधून ठेवला होता.

मला थट्टेची खोड. मी म्हणालो, "कोंबडा तं आमच्या मानवतलाबी आरवतो. चंद्रभानाच्या घरी जावई आला अन् तितर न्हाई?"

केशरबाईनं डोळे वटारले. बन्सीधर हसला नाही. उठला आणि खुंटीवरचा पिंजरा काढला.

सासूबाई, म्हणजे धुरपताबाई, चुलीपासून म्हणाल्या, "पोळा व्हायचाय अजून."

"आई, दादा असते तं जावयाचं कोंबड्यावर भागवलं असतं का?"

"कोंबड्यावरच भागवलं असतं."

तो निघाला. मी मागोमाग. 'राहू दे गड्या' एवढं म्हणायला मला तोंड होतं...

माळावर गवत हिरवंगार. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. बन्सीधरनं पिंजरा ठेवला, फडकं काढलं, फासे लावले. आम्ही तरवडाच्या झुडपाआड बसलो.

नवाब बोलेना.

एरवी फडकं निघायचा अवकाश, की तो गळा फाडायचा. आज गप्प. बन्सीधर जाऊन बघून आला. म्हणाला, आपल्याकडं पाठ करून बसलाय. पिंजरा फिरवून ठेवला.

परत येऊन बघतो तर...

नवाब पुन्हा पाठमोरा.

मग मला जाणवलं. माळावर कसलाच आवाज नव्हता. किडा नाही, टिटवी नाही. गवत हलत होतं, त्याचीही सळसळ नाही.

बन्सीधरनं हाताचा द्रोण केला आणि स्वतःच तितराचा आवाज काढला. बापानंच शिकवलेला. एकदा... दोनदा...

उत्तर आलं नाही. पण मी मान वळवली आणि पलीकडच्या हिवराच्या झाडाखाली एक माणूस बसलेला दिसला.

आमच्याकडं पाठ करून.

आम्ही आलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. हिवर तसा उघडाच, आडोसा नाही. मला वाटलं, गुराखी असंल. गुरं मात्र कुठं दिसेनात. बन्सीधरनं हाक मारली. माणूस हलला नाही.

डोक्याला पांढरा रुमाल. अंगात बंडी. बंडीला पाठीवर ठिगळ, आणि ठिगळाला काळ्या दोऱ्याचे मोठे मोठे टाके...

ती बंडी मला ठाऊक होती. सासूबाईंना एकदा पांढरा दोरा सापडला नाही, म्हणून त्यांनी काळ्यानं शिवली होती. घरातल्या सगळ्यांनी त्यावरून म्हाताऱ्याला हसून घेतलं होतं.

ती बंडी सरणावर त्यांच्या अंगात होती. खांदा मीही दिला होता.

तेवढ्यात मागं फडफड झाली. फाशात काहीतरी सापडलं होतं. बन्सीधरनं तिकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. उठला आणि हिवराकडं चालायला लागला. डावीकडून वळसा घालून, म्हाताऱ्याचं तोंड दिसावं म्हणून. मागं एकटं बसायची माझी छाती नव्हती. मी उजवीकडून गेलो.

मी चालत होतो. नजर त्या रुमालावर. रुमालाखाली मान... मानेखाली ते काळे टाके... अर्धा वळसा झाला. आता गाल दिसायला हवा, नाक दिसायला हवं.

दिसत होते काळे टाकेच.

हिवराच्या पलीकडं आम्ही दोघं समोरासमोर आलो. बन्सीधरचा चेहरा पांढराफटक.

"दाजी, तुमाला तोंड दिसलं?"

"न्हाई. तुला?"

"मला पाठच दिसायलीय."

तो डावीकडून आला होता, मी उजवीकडून. म्हातारा मधी. आणि दोघांनाही पाठच.

बन्सीधर मटकन खाली बसला. "दादा," एवढंच म्हणाला, ज्वारीत बैलं सोडलेलं पोरगं म्हणेल तसं.

तेव्हा नवाब ओरडला. एकदाच. आम्ही दचकून तिकडं पाहिलं... परत पाहतो तर हिवराखाली कुणी नाही. गवतसुद्धा दबलेलं नाही.

फाशातला नर मेला होता. पाय अडकायच्या ऐवजी मान अडकली होती. आणि गवतात, कुठं ते दिसेना, पण बारीक बारीक चिवचिव चालली होती. इकडून, तिकडून, आमच्या पायांजवळून...

बन्सीधरनं हातांनी माती उकरून त्याला तिथंच पुरलं. मी उभा राहून बघत होतो.

घरी आलो. सासूबाईंनी आमचे रिकामे हात पाहिले, मग लेकाचं तोंड पाहिलं. आणि हळूच म्हणाल्या,

"ते कोण्या झाडाखाली बसले होते?"

बन्सीधर आत गेला.

कोंबडा शिजला. बन्सीधर जेवला नाही. मी जेवलो. दोनदा रस्सा मागून घेतला. काय बोलावं सुचेना म्हणून मागितला. आयुष्यभर थापा मारल्या, त्या दिवशी एक सुचली नाही.

नवाब नंतर कधी बोलला नाही. दाणा खायचा, पाणी प्यायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचा. तसाच मेला. बन्सीधरनं फासे चुलीत घातले. आणि दर आखाडात, दिवस मावळायच्या आधी, तो त्या हिवराखाली जाऊन बसायला लागला. मी एकदा विचारलं, दिसतात का?

"दिसतात. पर वळत न्हाईत. दाजी, लय वाटतं, शिव्या द्याव्यात, जोडा फेकून मारावा. पर वळावं एकदा."

मला म्हणता आलं असतं, चूक तुझी नव्हती, जीभ माझी होती. नाही म्हणालो. त्यानंही कधी माझं नाव घेतलं नाही. दर वर्षी 'दाजी, या' म्हणून सांगावा धाडत राहिला.

मागल्याच्या मागल्या माघात बन्सीधर गेला. हिवताप झाला, अंगावर काढला.

गेल्या आखाडात मी पॅसेंजरनं नांदेडला निघालो होतो. पिंगळी सुटली की रूळ त्या माळाला वळसा घालतो. बघायचं नाही असं ठरवलं होतं...

बघितलं.

हिवराखाली दोघं बसले होते. एकाच्या डोक्याला पांढरा रुमाल. दुसऱ्याचे खांदे मी शंभर जणांत ओळखीन. खांद्याला खांदा लावून, बाप-लेक बोलत बसावेत तसे.

गाडी वळली. माळाची दुसरी बाजू समोर आली. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून पाहत होतो.

दोघांचीही पाठच.

बापाचं लेकाशी मिटलं असावं. बरं झालं. पण आता घरून म्हणतात, चला पिंगळीला, आखाड आलाय. मी म्हणतो, गुडघे दुखायलेत.

लोकांना वाटतं, ही पण थापच.