चेंडूतली हवा कोण पळवतं?

"पुन्हा मऊ!" श्रीकांतनं चेंडू अंगठ्यानं दाबला आणि कपाळाला हात लावला.

१९५९चा एप्रिल. परीक्षा नुकतीच संपलेली. तिकडे मलायात आशियातल्या तरुण राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा चाललेली आणि इकडे बुऱ्हाणपुरात पेपर वाचून पोरांनी आपलीच स्पर्धा काढलेली! भारत कुणी व्हायचं यावरून डोकी फुटायला नकोत, म्हणून गावातली पोरं झाली जपान आणि शेजारच्या दापोरा गावची पोरं मलाया. उद्या सकाळी फायनल होती. पण संध्याकाळी टणक भरलेला चेंडू रोज सकाळी मऊ पडायचा.

"हे काम सुकलालचं!" श्रीकांतचे मधुकरकाका गरजले. केळ्यांची वखार त्यांची, चेंडू त्यांचा आणि रेफरीही तेच! "मलायाचा कॅप्टन ना हा? बापाबरोबर केळ्यांच्या गाडीवर येतो, रात्री माझ्याच ओट्यावर झोपतो आणि जपानच्या सरावात खोडा घालतो! उद्या चेंडू मऊ निघाला, तर मलाया बाद!"

"मी हात पण नाही लावला काका, सच्ची!" सुकलाल रडकुंडीला आला.

श्रीकांतच्या धाकट्या बहिणीला, शोभाला, त्याची फार दया आली. शिवाय तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. तिनं चेंडू हौदात बुडवला. एकही बुडबुडा नाही!

"पंक्चर नाही. मग हवा गेली कुठं?"

"सुट्टीवर!" श्रीकांत म्हणाला.

"दात काढू नको. आज सुकलाल आपल्या घरी झोपेल. आणि काका, चेंडूच्या नाडीच्या गाठीवर लाख मी लावणार! नाडी सोडल्याशिवाय हवा काढता येत नाही, आणि नाडी सोडली तर लाख तुटेल!"

संध्याकाळी ती काकांच्या मागोमाग केळी पिकवायच्या खोलीत शिरली. गोवऱ्या धुमसत होत्या, वरचा पत्रा तापलेला. क्षणात घामाच्या धारा लागल्या.

"काका, हवा इथंच भरता?"

"पंप इथंच असतो ना!"

गाठीवर लाख लागल्यावर काकांनी चेंडू माठांपाशी ओल्या पोत्यात गुंडाळला. "चामडं तडकायला नको!"

सकाळी सगळे धावले. लाख जशीच्या तशी. आणि चेंडू मऊ!

"भुताटकी आहे की काय?" काका चरकले.

"थांबा! आपण चेंडू पिकवायला ठेवू!" शोभा म्हणाली.

"केळं आहे का ते?" पोरं खदखदून हसली. पण थोड्या वेळानं त्या तापलेल्या खोलीतून चेंडू बाहेर आला आणि हसू थांबलं. लाख तशीच, आणि चेंडू टणक!

"उन्हात सायकलची ट्यूब फुटते ना? तसंच हे! गरम हवा फुगते, गार झाली की आकसते. काका, तुम्ही त्या भट्टीसारख्या खोलीत चेंडूत हवा भरता आणि चेंडू रात्रभर गारव्यात ठेवता. हवा कुणी काढलीच नाही!"

काकांचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर ते सुकलालपुढे येऊन उभे राहिले. "चुकलो रे पोरा. न बघताच तुला चोर ठरवलं."

मोठं माणूस आपल्याला असं म्हणतंय, हे सुकलालला खरंच वाटेना. त्याचे डोळे भरून आले. "राहू द्या काका. मॅच होईल ना?"

"होईल तर! हवा मैदानावरच भरू. पण रेफरी मी नाही." काकांनी गळ्यातली शिटी काढून शोभाच्या गळ्यात घातली. "शाबास पोरी! आधी नीट बघून मग निकाल देणारी रेफरी घरात असताना मी कशाला?"

"जपान, मलाया, चला मैदानावर!" शोभा ओरडली आणि तिनं जोरात शिटी फुंकली.