मुळं धरली का?

मूर्तिजापूर मागे पडलं आणि एसटीच्या ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला. पियुषच्या मांडीवरचं झाड पुढे कलंडलं आणि शेजारच्या मुलीच्या ओढणीत जाऊन रुतलं.

"अवो! सायाळ घेऊन बसले काय मांडीवर?"

"सॉरी... सायाळ नाही. अगेव्ह आहे. म्हणजे घायपात... शोभेचं."

कुणाला टोचू नये म्हणून त्याने प्रत्येक पानाच्या टोकावर थर्माकोलचा मणी खोचला होता. नेमका एकच मणी कुठेतरी पडला होता. असं त्याच्याच बाबतीत व्हायचं. त्याने घाईघाईने ओढणी सोडवायला घेतली आणि ती आणखी फाटली.

मुलगी मात्र झाडाकडे पाहत होती. हिरव्या पानांना पिवळे काठ, जसे लुगड्याला असतात तसे.

"हे विकत आणलं तुमी?"

"हो. अकोल्याहून."

"बाप्पा! आमच्या बाळापूरले ढोरं वावरात शिरू नये म्हणून धुऱ्यावर लावतेत हे. अन् तुमी मांडीवर बसवून नेऊन राहिले, लेकरासारखं!"

मागच्या सीटवरचे लोक हसले. पियुषचे कान तापले. ओढणीचे पैसे द्यावेत म्हणून त्याने खिशात हात घातला, तर ती म्हणाली, "पैसे ठेवा. भरपाई म्हणून ते पिल्लू द्या."

झाडाच्या बुडाशी खरंच एक पिल्लू फुटलं होतं, मुठीएवढं. पियुषलाही ते दिसलं नव्हतं.

"देईन ना. पण आधी वेगळं करून लावावं लागेल... मुळं धरली की देतो."

"नक्की?"

"नक्की."

तिने नंबर दिला. नाव चंदा. अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची, खोली करून राहायची. पियुष तिथल्याच एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळायचा. बडनेरा येईपर्यंत दोघांनी एवढंच एकमेकांना सांगितलं. बाकीचा वेळ ती खिडकीबाहेर पाहत हसत होती, आणि तो झाडाच्या आडून तिच्याकडे...

पियुषने त्या झाडाचे फार लाड केले. मामाच्या वावरातली काळीभोर माती आणून कुंडी भरली, वर शेणखत घातलं. आईने, म्हणजे आशाबाईंनी, कूलरच्या टाकीतलं पाणी रोज झाडाला घातलं. "उन्हाळा किती आहे! त्याले तहान नसन लागत काय?"

एका सकाळी झाड एका अंगाला झुकलं. पियुषने हात लावला तर पानं बुंध्यातून अलगद निघून हातात आली. खाली सगळं सडलं होतं. काळी माती पाणी धरून बसते, आणि या झाडाला तेच सोसत नाही, हे त्याने नंतर वाचलं. पुस्तकं त्याच्याकडे होती. फक्त त्याने ती उशिरा उघडली.

पिल्लू तेवढं वाचलं. ते त्याने मुरूम आणि रेतीत लावलं. मग दुसऱ्या दिवशी उपटून पाहिलं, मुळं आली का. नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

संध्याकाळी क्लास सुटला की चंदा कोपऱ्यावरच्या रसवंतीत यायची. हा तिथे आधीच येऊन बसलेला असायचा, आणि आत्ताच आलो असं सांगायचा. चरकाचे घुंगरू वाजायचे. पेल्यातला बर्फ चमच्याने ढवळत ती विचारायची, "काहो, मुळं धरली का?"

"अजून नाही."

"तुमचं झाड तुमच्यासारखंच आहे. लाजरं."

तो हसायचा, पण आतून धास्तावलेला असायचा. मुळं धरली नाहीत तर हिला द्यायचं काय? आणि धरली तर... पिल्लू देऊन टाकलं की मग रसवंतीत यायचं कशाच्या नावावर?

एक दिवस तिने पेला हातात घेतलाच नाही.

"रविवारी घरी पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले. अकोल्याचे आहेत. बाबा म्हणते, पोरगा चांगला आहे."

घुंगरू थांबले.

"चांगला आहे...?"

"असन. मी काय पाहिला? तुमाले काही म्हणायचं आहे काय?"

म्हणायचं तर खूप होतं. पण ती नाही म्हणाली तर? आपण कोण, आपल्यात आहे काय? हे सगळं एकदम त्याच्या डोक्यात आलं आणि तोंडून निघालं, "पिल्लू... रोज उपटून पाहतो मी, पण अजून मुळं..."

चंदा बघतच राहिली.

"रोज उपटता?"

"हो... खात्री करायला."

"अवो," ती उठत म्हणाली, पण आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती, "रोज उपटून पाहाल तर ते मुळं धरीन कसं?"

रस तसाच ठेवून ती गेली.

त्यानंतर पियुषने कुंडीला हात लावला नाही. हात शिवशिवायचा. रोज गच्चीवर जायचा, वाकायचा, आणि हात मागे बांधून परत यायचा. पिल्लू जगलं की गेलं, काही कळत नव्हतं.

रविवारी तो कुंडी घेऊन बाळापूरच्या एसटीत बसला. या वेळी मणी खोचले नव्हते. अकोल्यात वाटलं, इथेच उतरावं. नाही उतरला.

चंदाच्या घरी अंगणात मांडव नव्हता, पण खुर्च्या मांडून झाल्या होत्या. आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, असे खुशालराव फाटकातच उभे होते. हे चंदाचे वडील, हे विचारायची गरज नव्हती, डोळे तेच.

"या, या! पाहुण्यातले काय जी?"

"हो... नाही. म्हणजे अमरावतीहून आलो. पियुष. चंदाला हे द्यायचं होतं."

खुशालरावांनी कुंडी निरखली. "हे तर घायपात आहे."

"हो."

"घायपात द्याले अमरावतीहून आले?"

"हो..."

"बरं." पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं. "तिकडे जास्वंदीपाशी लावू. एक नंबर काळी माती आहे. वरून शेणखत टाकतो, महिनाभरात कसं होते पाहा."

"नका!"

पियुष इतक्या जोरात ओरडला की आतलं बोलणं थांबलं.

"काळी माती नको त्याला. सडते. माझं एक गेलं त्यात."

खुशालरावांचं फावडं हवेतच राहिलं. "पोरा, आमच्या काळ्या मातीले नाव ठेवून राहिला?"

"नाही जी..." दाराशी चंदा येऊन उभी होती. नवी साडी, केसांत मोगरा, चेहरा उतरलेला. पियुषला पाहून तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"मुळं धरली का?" तिने हळूच विचारलं.

"माहीत नाही. पाहिलं नाही मी."

"काहून?"

ग्रंथालयातली सगळी भाषा त्याला सोडून गेली. उरली ती घरची.

"मले भेव वाटे... नसतीन धरली तर. अजूनई वाटते. पण चंदा, मले तुमी आवडता. पाहुणे याच्या आत सांगाचं होतं. तुमी नाई म्हणा, चालते. मी कुंडी ठेवून जातो."

चंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कुंडीकडे. मग पायरी उतरून तिने कुंडी त्याच्या हातातून आपल्याकडे घेतली. एक टोक तिच्या नव्या साडीत अडकलं. तिने ते सोडवलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "अकोल्याले फोन लावता काय?"

"काय सांगू त्याईले?"

"सांगा, नका येऊ. माफी मी मागते."

खुशालराव लेकीकडे पाहत राहिले. पियुषने डोळे मिटून घेतले.

खुशालराव फावडं खांद्यावर टाकून घरामागे गेले. पियुषला वाटलं, संपलं सगळं. मागून खणल्याचा आवाज येत राहिला. ते परत आले तेव्हा डोक्यावर घमेलं होतं, लाल मुरमाने भरलेलं. त्यांनी ते जास्वंदीपासून दूर, उन्हाच्या जागी ओतलं आणि घाम पुसत विचारलं,

"मुरूम तर चालते ना याले?"

"चालतो जी," पियुष कसाबसा म्हणाला.

"मंग उभा काहून आहे? लाव." आणि खिशातून फोन काढत ते फाटकाकडे वळले.

दोघं खाली बसले. कुंडी उपडी करायला चंदाने हात घातला, तसे पियुषने डोळे घट्ट मिटले.

"पाहा ना," ती कुजबुजली.

"नको... तुम्ही पाहा."

मुरमाने माखलेल्या बोटांनी तिने त्याचं बोट धरलं आणि पिल्लाच्या बुडाशी नेऊन टेकवलं. केसासारखं काहीतरी बारीक, ओलसर, त्याच्या बोटाला लागलं.