म्हाताऱ्याचं नाक

ती पाणीखात्यात गळती-तपासनीस होती आणि समोरचा दगडी म्हातारा नाकातून गळत होता. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिने पाना काढून व्हॉल्व्हला लावला, तेवढ्यात मागून कुणीतरी घसा खाकरला.

"हात नका लावू. ते शिल्प आहे."

तो चित्रकलेचा शिक्षक होता. शहरातल्या विसरलेल्या जलशिल्पांचा नकाशा काढत होता. गेल्या महिन्याभरात त्याच्या नकाशावरचं कासव कोरडं पडलं होतं, दोन मासे गप्प झाले होते आणि हत्तीची सोंड... तिने पाना हळूच पाठीमागे घेतला. चारही तिनेच बंद केली होती. हत्तीबद्दल तर तिला शाबासकीचं पत्र आलं होतं.

"तोंडात माती बसलीय, म्हणून नाकातून येतंय," तो म्हणाला. "पडसं झालं म्हणून तुम्ही माणसाचं नाक कापता का?"

असल्या माणसाच्या नादी लागू नये, हे तिला कळत होतं. पण बोलता बोलता तो ओल्या बोटांनी म्हाताऱ्याच्या भुवईवरचं शेवाळ इतकं हळूच पुसत होता की... वैताग नुसता.

तिने नियम ऐकवला. शुक्रवारी पाचपर्यंत नळजोडणीचा अर्ज मंजूर झाला तर पाणी राहील, नाहीतर कायमचं बंद. सोमवारी अर्ज आला, ग्राहक म्हणून म्हातारा. सही नाही म्हणून तिने तो परत केला. मंगळवारी सहीच्या जागी दगडी नाकाचा ठसा होता. कुटुंबातल्या माणसाने अर्ज करावा, असा शेरा मारून तिने तोही परत केला. बुधवारी तो आलाच नाही. गुरुवारीही नाही. ती दिवसभर दाराकडे बघत स्वतःवरच चिडत राहिली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत स्वारी हजर. अर्जदार तो स्वतः. ग्राहकाशी नाते: जावई.

"म्हाताऱ्याला मुलगी कधी झाली?"

"आहे ना. पाणीखात्यात असते. बापासारखंच तोंड बंद, सगळा राग नाकावर..." त्याचा आवाज अडखळला. "म्हणजे — तुमची हरकत नसेल तर."

तिने अर्ज दोनदा वाचला. खोडायला एक अक्षर सापडेना. काय हा छळ.

"नात्याचा पुरावा जोडलेला नाही."

"तो... कुठे मिळतो?"

"विवाह नोंदणी. दुसरा मजला." तिने पर्स उचलली. "दोनला उघडतं. दोघांनी हजर राहावं लागतं."