पाचपैकी पाच

ऑफिसात त्याला सगळे मीटर म्हणत. साधी छत्री घ्यायची तरी अख्खा बाजार पालथा घालणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? पण याच गुणावर त्याची नोकरी चालली होती. इंटरनेटवरून चालणारे फोन असतात ना, ते दुकानांना, शाळांना, दवाखान्यांना लागतात. कुठल्या कंपनीचा प्लॅन कितीला पडतो आणि त्यावर आवाज कसा येतो, हे तपासून सांगायचं, एवढंच त्याचं काम. आणि ते तो जीव ओतून करायचा, हे कुणीही कबूल करेल.

त्या शनिवारी दुपारी तो एका दवाखान्याचं काम घेऊन एकटाच बसला होता. दवाखान्याला प्रत्येक खाटेजवळ फोन हवा होता. गाळून गाळून दोन प्लॅन उरले होते, एक स्वस्त आणि एक त्याच्या दुपटीहून महाग. बाहेर आभाळ भरून आलेलं, त्यामुळे भर दुपारी टेबलावरचा दिवा लावावा लागला होता. बाकीची टेबलं रिकामी, आणि कोपऱ्यातल्या यंत्रांची बारीक गुणगुण तेवढी चालू. काम साधंच होतं. ते उरकून तो घरी जाणार होता.

त्याची तपासायची रीत ठरलेली होती. टेबलावरून फोन लावायचा, पलीकडच्याने थोडं बोलायचं, थोडं ऐकायचं. याने फोन ठेवला की यंत्र पलीकडच्याला विचारायचं, आवाज कसा होता, एक ते पाचमधलं बटण दाबा. ते मार्क याच्या स्क्रीनवर उमटायचे. आणि पलीकडचं माणूस म्हणजे, कित्येक वर्षं, त्याची आई.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. मुलाचा फोन यायचा तो बहुतेक तपासणीसाठीच. सांगताना बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं. ती बिचारी हातातलं काम टाकून यायची. आकडे म्हणायची, वर्तमानपत्रातल्या दोन ओळी वाचायची, आणि शेवटी न चुकता पाच मार्क द्यायची. फोन मात्र कधी आपण आधी ठेवायची नाही. "तू ठेव," म्हणायची, "मी नाही ठेवत." कंपनी कुठलीही असो, आईचे पाच ठरलेले. ऑफिसातले थट्टा करायचे, की तुझ्या आईला परीक्षक नेमलं तर एकही पोर नापास व्हायचं नाही. तोही हसायचा. आणि गंमत बघा, तिच्या घरी फोन घ्यायची वेळ आली तेव्हा या शहाण्याने त्याच मार्कांवर भिस्त ठेवली. सगळ्यांनाच पाच, मग महाग कशाला? सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन दिला.

स्वस्त प्लॅन स्वस्त का असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माणूस बोलत नसेल तेव्हा ती लाइन काही पाठवतच नाही. आणि माणूस बोलतोय की नाही, हे ठरवतं यंत्र. खणखणीत बोललात तर ठीक. पुटपुटलात, कण्हलात, धाप लागली, तर यंत्राच्या लेखी तुम्ही गप्प आहात, आणि पलीकडे निव्वळ शांतता जाते. हे त्याला पाठ होतं. आईचा आवाज मुळातच हळू, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. आपण होऊन ती सहसा करायची नाही. त्याने उचलला तर पलीकडे काही नाही. खरखर नाही, श्वास नाही, पाटी कोरी. दोनतीनदा हॅलो म्हणून झालं. मग तो म्हणाला, "आई, आवाज येत नाहीये. ठेवतो मी, तू परत कर." ठेवला, आपल्या यादीत त्या कंपनीचा अर्धा मार्क कापला आणि चहा प्यायला गेला. परत फोन आला नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ताईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, कळवलं. आई खुर्चीतच गेली होती, रिसीव्हर मांडीवर होता.

त्या फोनबद्दल त्याने कुणाकडे चकार शब्द काढला नाही. ताईकडेही नाही. लाइनच मेली असेल, अशी तो मनाची समजूत घालायचा, आणि ती काही पटायची नाही. आई काय म्हणाली असेल, हा एकच किडा डोकं पोखरत राहिला. ते एकदा कळावं, आणि एकदा तिला म्हणता यावं, की येतो, आत्ता निघतो. एवढंच त्याला हवं होतं, आणि नेमकं तेच आता मिळण्यासारखं नव्हतं.

तर त्या शनिवारी ताई आईच्या खोल्या रिकाम्या करून किल्ली मालकाला द्यायला गेली होती. फोन काढायच्या आधी ही शेवटची तपासणी करून दे, म्हणून त्याने तिला गळ घातली. खाटेवरच्या आजाऱ्यासारखं अगदी हळू बोल, असं बजावलं. दोन्ही कंपन्यांची लाइन त्याला टेबलावरूनच बदलता येत होती. आधी स्वस्त लावली. ताई आकडे म्हणायला लागली, आणि मधले आकडे गळायला लागले. दोन, तीन, मग एकदम सात. अर्धं येतच नाहीये, असं तो तिला म्हणाला.

"आईचं तेच व्हायचं की," ताई म्हणाली. "तिलाही तुझं अर्धं बोलणं कळायचं नाही."

"मग पाच कशाला द्यायची?"

"कमी दिले की तू तिला वायरी तपासायला लावायचास. पाच दिले की खूश होऊन दोन मिनिटं गप्पा मारायचास. तिनेच सांगितलं होतं मला."

त्याने लाइन बदलली. महागड्या प्लॅनवर ताई अगदी शेजारी बसल्यासारखी ऐकू आली. रिकाम्या खोलीत तिचा आवाज घुमत होता. मागे मोरीतला नळ ठिबकत होता, आणि त्याच्याही मागे टिकटिक. कमाल आहे, तो म्हणाला, भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकू येतंय.

"घड्याळ?" ताईचा आवाज खाली आला. "ते तर मागच्या आठवड्यातच मी घरी नेलं रे... इथे नुसता खिळा आहे."

मग शेजाऱ्यांचं असेल म्हणून तिनेच विषय मिटवला. फोन काढून पिशवीत टाकते, किल्ली देते आणि तुझ्याकडे ऑफिसातच चहाला येते, असं म्हणून तिने ठेवला.

तो कामाला लागला. दवाखान्याला महाग प्लॅनच घ्या म्हणून सांगायचं, हे त्याचं पक्कं झालं होतं. खिडकीबाहेर चांगलंच अंधारून आलं. रस्त्यावरचे आवाज कमी झाले. एवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर आईचा नंबर होता. ताईचं काहीतरी राहिलं असेल, म्हणून त्याने उचलला आणि म्हणाला, बोल.

कुणी बोललं नाही. पण ही ती कोरी शांतता नव्हती. ही एक खोली होती. नळ ठिबकत होता. घड्याळ चालत होतं, मघापेक्षा जवळ. खुर्ची जराशी करकरली. आणि त्याच्या टेबलाभोवती हळूहळू बामचा वास पसरला, आई गुडघ्यांना चोळायची त्या बामचा. मग श्वास ऐकू आला. तुटक, लागलेला, एकेक ओढून घेतलेला.

"अरे... कामात आहेस का?"

आवाज आईचा होता.

"जरा बरं वाटत नाहीये मला... छातीत दाटल्यासारखं होतंय... येऊन जातोस का?"

खुर्ची मागे पडली तेव्हा त्याला कळलं की आपण उभे आहोत. इतके महिने जिभेवर बसलेले शब्द एकदम बाहेर आले. "आई, येतो. आत्ता निघतो. ऐकतेयस ना?"

पलीकडे थोडा वेळ नुसतं घड्याळ.

"हॅलो?... आवाज येत नाहीये रे तुझा."

इंटरनेटच्या फोनचं हे एक जुनं दुखणं असतं. एका बाजूला सगळं लख्ख ऐकू येतं आणि दुसऱ्या बाजूला अक्षर पोचत नाही. मीटरला त्याचे सगळे इलाज माहीत होते. त्याने एकूणएक करून पाहिले. लाइन बदलली, आवाज वाढवला, शेवटी गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, की आई, चुकलं माझं, मी ठेवायला नको होता. रिकाम्या ऑफिसात त्याचाच आवाज घुमला.

"असू दे... गडबडीत असशील," आई म्हणाली. "तू ठेव. मी नाही ठेवत..."

त्याने ठेवला नाही. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून तो उभा राहिला. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मग श्वास यायचा थांबला. घड्याळ चालूच होतं.

ताई दारात येऊन उभी राहिली तेव्हाही तो तसाच उभा होता. कुणाशी बोलतोयस, असं तिने विचारलं. त्याने रिसीव्हर तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली आणि तिने मान हलवली. काही नाही यात, म्हणाली. त्याने आईच्या फोनचं विचारलं. ताईने पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला, वायर गुंडाळून गाठ मारलेली. त्या फोनचा रिसीव्हर उचलायला गेली आणि तिने झटकन हात मागे घेतला.

"गरम आहे रे," ती हळूच म्हणाली. "बराच वेळ कुणी कानाला धरल्यासारखा..."

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. उन्हाळ्यातला तो फोन, कापलेला अर्धा मार्क, चहा. सांगता सांगता त्याला रडू आवरेना. ताई रागावली नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, आता ठेव तो.

कुणीतरी आधी ठेवायलाच हवा होता, आणि आई ठेवणार नव्हती. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला.

स्क्रीन एकदा लुकलुकला. वायर गुंडाळलेला फोन त्या दोघांच्या मधे टेबलावर होता, कुणाचाही हात त्याला लागलेला नव्हता. आईच्या नंबरापुढे मार्क उमटले. त्याचा एक शब्दही तिला ऐकू गेला नव्हता, तरी पाच.